टेबलावर जुळतो, भिंतीवर फाटतो : एका जेवणघराच्या क्राउन मोल्डिंगचं प्रकरण

शनिवारी सकाळी मित्राचा फोन आला. "करवत खराब निघाली रे. परत करायचीय. खोका अजून ठेवलाय. उचलायला येशील का?"

गेलो. न्यू जर्सीत एडिसनला त्याचं १९५०च्या दशकातलं घर आहे. दिवाणखान्यात आधीच्या मालकाच्या काळापासून क्राउन मोल्डिंग आहे, म्हणजे भिंत आणि छत मिळतात त्या रेषेवर तिरपी बसवलेली घाटदार लाकडी पट्टी. आपल्याकडे पुण्या-मुंबईत ही जागा बहुतेक वेळा पीओपीच्या कॉर्निसची असते. कारागीर ती जागेवरच ओढतो आणि कोपरा सरळ नसला तर थापीने सारखा करून टाकतो. लाकडाला ती सवलत नाही. पट्टी आधी कापायची, मग वर धरून बघायची, आणि चुकली असेल तर ती खाली फरशीवर पडून आपल्याकडे बघत राहते.

जेवणघरात अशा बऱ्याच पट्ट्या पडलेल्या होत्या. मित्राने दिवाणखान्यातल्या घाटाशी जुळणारी ४ पूर्णांक ५/८ इंच रुंद, म्हणजे साधारण ११७ मिलिमीटरची, प्रायमर लावलेल्या पाइनची पट्टी लाकडाच्या वखारीतून आणली होती. १६ फुटी पाच नग. त्यातले दोनच शाबूत होते. बाकीच्या तिघांचे दोन-दोन, तीन-तीन फुटांचे तुकडे झाले होते. कोपऱ्यात त्याचे वडील खुर्ची टाकून बसले होते. ते सहा महिन्यांसाठी सांगलीहून आले होते. उमेदीची वर्षं त्यांनी दारं-खिडक्या करण्यात घालवली आहेत. मला बघताच म्हणाले, "ये. तुझा मित्र काल रात्रीपासून लाकडाचा भुसा तयार करतोय. फेविकॉल आणा म्हणतोय मी, त्याच भुशात कालवून फटी भरतो. तर ऐकत नाही."

मित्र ऐकत नव्हता ते बरंच होतं. फट थोडीथोडकी नव्हती.

खोली आणि तोवर झालेले दोन प्रयत्न

खोली १४ बाय १२ फुटांची. एका कोपऱ्यात वरच्या मजल्याकडे जाणारी हवेची नळी झाकायला दोन फूट बाय दोन फुटांची पेटी बांधून काढलेली. त्यामुळे साध्या चौकोनाचा इंग्रजी एलसारखा सहा बाजूंचा आकार झाला होता. पाच कोपरे आतले आणि पेटीचा एक बाहेर आलेला.

करवत म्हणजे पाटावर बसवलेली, गोल पात्याची विजेची मायटर सॉ. पट्टी टेकवायला पाटाच्या मागे उभा आधार असतो, त्याला फेन्स म्हणतात. पहिल्या प्रयत्नात त्याने पट्टी करवतीवर 'उलटी' धरून कापली होती. ही पद्धत चांगली आहे. करवतीचा पाट म्हणजे छत आणि मागचं उभं फेन्स म्हणजे भिंत असं समजायचं. पट्टी वरची बाजू खाली करून त्या दोघांच्या बेचक्यात टेकवायची, आणि पातं फक्त ४५ अंशांवर फिरवून सरळ कापायचं. तिरप्या पट्टीचा सगळा हिशोब ती टेकवण्यातच उरकतो. मात्र पट्टीच्या दोन्ही सपाट कडा पाट आणि फेन्सवर नीट बसल्या पाहिजेत. मित्राची करवत १० इंची, सरकणारी, आणि फेन्स जेमतेम ७० मिलिमीटर उंच. त्याची पट्टी भिंतीवरून ८३ मिलिमीटर खाली उतरते. म्हणजे भिंतीला टेकणारी कड फेन्सच्या वर अधांतरी राहत होती आणि पट्टीची पाठ फेन्सच्या काठावर रेलत होती. त्यात ती हाताने दाबून धरलेली. दर कापाला पट्टी वेगळ्याच कलाने बसत होती. सांधे दोन-तीन मिलिमीटर उघडे राहिले, तेही दर वेळी वेगळ्या जागी.

मग रात्री कुठेतरी वाचून त्याने पद्धत बदलली. पट्टी पाटावर सपाट झोपवायची, पातं एकाच वेळी फिरवायचं आणि कलवायचंही. कंपाउंड मायटर सॉ हे नाव याच कामावरून पडलं आहे. फिरवण्याचा कोन म्हणजे मायटर, कलवण्याचा म्हणजे बेव्हल. त्याच्या करवतीवर, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बऱ्याच करवतींवर असते तशी, मायटरच्या पट्टीवर ३१.६ अंशांना एक खाच होती आणि बेव्हलच्या चापावर ३३.९ ला खूण. दोन्ही खास क्राउन मोल्डिंगसाठी. त्याने दोन्ही खुणा लावल्या आणि कापलं.

आणि इथेच त्याचा करवतीवरचा विश्वास उडाला. दोन तुकडे टेबलावर हातात धरून जुळवले की सांधा दृष्ट लागेल असा बसायचा. तेच दोन तुकडे शिडीवर चढून कोपऱ्यात धरले की छताजवळच्या कडा एकमेकींना टेकायच्या आणि खाली भिंतीपाशी बोट जाईल एवढी फट दिसायची.

"आता सांग, करवत खराब नाही तर काय?"

फट काय सांगत होती

मला खरं तर ती फट बघूनच बरं वाटलं. सांधा कुठेच बसत नसेल तर शंभर कारणं असू शकतात. हातात बसतो आणि भिंतीवर बसत नाही म्हटल्यावर काप एकमेकांशी प्रामाणिक आहेत. बेइमानी आहे ती पट्टी हातात धरलेल्या आणि भिंतीवर टेकलेल्या कलात.

काकांकडून लोखंडी गुण्या मागून घेतला. पट्टीचा एक तुकडा गुण्याच्या आतल्या काटकोनात असा टेकवला की दोन्ही सपाट कडा दोन्ही पात्यांवर पूर्ण बसतील. मग दोन्ही पात्यांवरचं माप वाचलं. ८३ आणि ८३. पट्टी भिंतीवर जेवढी खाली उतरते तेवढीच छतावर पुढे येते. म्हणजे भिंतीशी तिचा कल ४५ अंशांचा.

करवतीवरच्या खुणा मात्र ३८ अंश कलाच्या पट्टीसाठी असतात. बाजारातली बरीच पट्टी त्या कलाची असते, म्हणून कारखान्याने त्या खुणा दिल्या. एवढ्याच रुंदीची ३८ अंशांची पट्टी गुण्यात धरली असती तर भिंतीवर सुमारे ९३ आणि छतावर ७२ मिलिमीटर आलं असतं. मित्राची पट्टी जुन्या दिवाणखान्याशी जुळवून आणलेली, आणि जुना घाट ४५चा होता.

कागदावर दोन सूत्रं मांडली. इंजिनिअरिंगला दोघांनीही चार वर्षं घासली होती. ती वाया गेली नाहीत हे काकांना दाखवायची संधी होती.

मायटरचा टॅन्जन्ट = कलाचा साइन ÷ कोपऱ्याच्या अर्ध्या कोनाचा टॅन्जन्ट.

बेव्हलचा साइन = कलाचा कोसाइन × कोपऱ्याच्या अर्ध्या कोनाचा कोसाइन.

इथे कल म्हणजे पट्टी आणि भिंत यांमधला कोन. काटकोनी कोपरा आणि ३८चा कल घातला की ३१.६२ आणि ३३.८६ येतात, म्हणजे करवतीवरच्याच खुणा. ४५चा कल घातला की येतात ३५.२६ आणि बरोबर ३०. मायटरमध्ये साडेतीन अंशांहून जास्त आणि बेव्हलमध्ये जवळजवळ चार अंशांचा फरक. ११७ मिलिमीटर रुंदीवर एवढ्या मायटरचा अर्थ असा की प्रत्येक तुकडा खालच्या कडेला कोपऱ्यापासून साधारण ११ मिलिमीटर अलीकडेच थांबणार. दोन्ही बाजूंनी तसंच. शिडीवर दिसलेली फट हीच.

हातात का जुळत होतं तेही यातच आहे. ते तुकडे एकमेकांना ३८ अंशांच्या कलात अगदी बरोबर बसतात. हाताने जुळवताना आपण नकळत त्यांना तो कल देतो. भिंत आणि छत मिळून त्यांना ४५वर उभं करतात, आणि सांधा फाटतो.

करवत परत करायचं रद्द झालं. पण तिचीही तपासणी केलीच. पातं शून्यावर ठेवून गुण्या लावला तर फेन्सशी काटकोन ठीक होता. बेव्हलचा काटा मात्र अर्धा अंश खोटं सांगत होता. त्यावर चुंबकाने पात्याला चिकटणारं छोटं डिजिटल कोनमापक लावलं. पाटावर शून्य करायचं, मग पात्यावर चिकटवून वाचायचं. असल्या करवतींच्या चापावर एका अंशाच्या रेघा असतात. त्यावरून दशांश वाचणं म्हणजे फुटपट्टीने केस मोजणं.

कोपरे

आता ९० घालून मोकळं व्हायचा मोह होतो. सूत्रात कोपऱ्याचा अर्धा कोन आहे हे तिथे विसरलं जातं. ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्सम बोर्डच्या भिंतींच्या, खोलीत कोपऱ्यावर कागदी पट्टी आणि लेपाचे थर चढतात. बाहेरच्या कोपऱ्यावर धातूची कड बसवतात आणि लेप तिच्यापासून दूर उतरता पसरवतात. काटकोन नकाशात राहतो.

सहाही कोपरे मोजले, तेही मोल्डिंग जिथे बसणार त्या उंचीला. कमरेच्या उंचीवरचा कोन वर उपयोगाचा नाही. दोन सरळ पट्ट्या भिंतींना चिकटवून धरायच्या आणि मधला कोन वाचायचा. डिजिटल कोनमापक नसेल तर शाळेतलं पायथागोरस चालतं. एका पट्टीवर कोपऱ्यापासून ३०० मिलिमीटर, दुसरीवर ४००, आणि दोन खुणांमधलं अंतर मोजायचं. ५०० आलं तर काटकोन. या मापांना एक अंश म्हणजे साधारण ४ मिलिमीटरचा फरक.

आतले पाच आले ९०.५, ९१, ८८.५, ८९ आणि ८९. पेटीचा बाहेरचा कोपरा ८८. तिथे खुणांमधलं अंतर ४९१.५ मिलिमीटर भरलं.

मग मित्राने एक गोष्ट केली ती मला फार आवडली. सहा बाजूंच्या बंद आकृतीच्या आतल्या कोनांची बेरीज ७२० असायला हवी. बाहेरचा कोपरा खोलीच्या आतून २७२ धरायचा. त्याने पाचांची बेरीज केली, ४४८. अधिक २७२, बरोबर ७२०. मापात अर्ध्या अंशाची चूक कुठे लपली असती तर ती इथे बहुधा बाहेर आली असती. (दोन चुका एकमेकींना खाऊन टाकू शकतात, हे खरंच. पण एवढा संशय घेतला तर माणूस मोल्डिंग लावणारच नाही.)

कोणता सांधा कापायचाच नाही

त्याच्या यादीत सहा मायटर सांधे होते. मी पाच खोडले.

आतल्या कोपऱ्यात दोन्ही तुकडे तिरपे कापून भिडवणं ही दिसायला सोपी आणि टिकायला अवघड गोष्ट. अर्ध्या अंशाने कोन हलला तरी रेघ उघडते. खिळा ठोकताना एक तुकडा कोपऱ्यात आणखी सरकतो, दुसरा नाही. हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की लाकूड आकसतं, ते वेगळंच. इथले जुने सुतार आतल्या कोपऱ्यात एक पट्टी सरळ कापून भिंतीला भिडवतात. दुसरी पट्टी तिच्या घाटावर चढेल अशी कोरून काढतात. या पद्धतीला कोपिंग म्हणतात. कोपरा ८९ असो की ९१, कोरलेली कड पुढच्या पट्टीच्या घाटावर बसते आणि थोडी हालचाल पोटात घालते.

हे काकांना समजावायला गेलो तर त्यांनी मला हाताने थांबवलं. "क्राउन-बिऊन मला ठाऊक नाही. पण गोल खांबाला फळी बसवायची तर फळीच कोरावी लागते, एवढं कळतं. कानस कुठाय?"

कोरायच्या पट्टीच्या टोकाला आधी आतल्या कोपऱ्यासारखा कंपाउंड काप घ्यायचा, ३५.३ आणि ३०. इथे दशांशांचा आग्रह नको. या कापाचं काम एवढंच की पट्टीच्या पुढच्या अंगावर घाटाची रेघ उघडी पडावी. त्या रेघेवरून पेन्सिल फिरवली की प्रायमरच्या पांढऱ्यावर ती ठसठशीत दिसते. मग बारीक पात्याच्या कोपिंग सॉने रेघेच्या किंचित बाहेरून कापत जायचं, आणि पातं मागे असं झुकवायचं की पाठीकडचं लाकूड जास्त निघेल. शेवटी फक्त पुढची धार टेकली पाहिजे. मागे लाकूड उरलं की तेच आधी भिडतं आणि पुढची रेघ उघडी राहते. मित्राच्या पहिल्या दोन कोरणींत हेच झालं. काकांनी तुकडा उलटा करून पाठीवर अंगठा फिरवला, "इथे पोट आहे" म्हणाले, आणि अर्धगोल कानशीने ते पोट काढलं. पाचपैकी चार कोपरे त्यांनी एकट्याने बसवले. भुसा-फेविकॉलचा विषय पुन्हा निघाला नाही.

पेटीचा कोपरा

बाहेरच्या कोपऱ्यात कोरण्याची सोय नाही. दोन्ही कापलेली टोकं हवेत भेटतात आणि सगळ्यांना दिसतात. हा एकच सांधा खरा कंपाउंड मायटर होता. कोपरा ८८ अंशांचा. सूत्रातून मायटर ३६.२ आणि बेव्हल ३०.६. काटकोनाचे आकडे लावले असते तर भिंतीपाशी सांधा मिळाला असता आणि पुढे छताच्या कडेला सुमारे ४ मिलिमीटर उघडा राहिला असता. जेवायला बसलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या डोळ्यांसमोर.

३६.२कडे जाताना एक गंमत होते. करवतीच्या पट्टीवरची जवळची खाच पात्याला आपल्याकडे ओढते. ३१.६ची खाच तर फारच आपुलकीने. म्हणून खाचेचा खटका मोकळा ठेवणारी कळ दाबून ठेवली, ३६.२वर आणून मूठ घट्ट केली, आणि घट्ट केल्यावर पुन्हा वाचलं. मूठ आवळताना दोन दशांश सरकतात.

आता डावं-उजवं. या कामात सर्वांत जास्त लाकूड कोनांमुळे वाया जात नाही, या गोंधळामुळे जातं. मित्राची करवत एकाच बाजूला, डावीकडे कलते. बाहेरच्या कोपऱ्याच्या डाव्या तुकड्यासाठी पट्टीची भिंतीकडची कड फेन्सला लावायची, पाट डावीकडे फिरवायचा, आणि कापाच्या उजवीकडचा तुकडा ठेवायचा. उजव्या तुकड्यासाठी छताकडची कड फेन्सला, पाट उजवीकडे, आणि ठेवायचा तो पुन्हा उजवीकडचाच. दोन्ही वेळा घाटाची बाजू वर. हे वाचून लक्षात राहत नाही, मलाही राहत नाही. म्हणून वाया गेलेल्या तुकड्यांतून एक-एक फुटाचे चार नमुने कापले, आतला डावा, आतला उजवा, बाहेरचा डावा, बाहेरचा उजवा. प्रत्येकाच्या पाठीवर मार्करने नाव, कोणती कड फेन्सला आणि पाट कुठे ते लिहिलं. खरी पट्टी पाटावर ठेवायच्या आधी नमुना हातात घेऊन वर कोपऱ्याकडे बघायचं. त्यानंतर उलटा काप एकदाही झाला नाही.

नमुन्यांनीच आकडेही पारखले. ३६.२ आणि ३०.६वर कापलेले बाहेरचे दोन नमुने पेटीच्या कोपऱ्यावर धरले. या वेळी हाताने नाही, भिंतीवर ८३ मिलिमीटर खाली आणि छतावर ८३ मिलिमीटर पुढे पेन्सिलीच्या रेघा मारून त्या रेघांना टेकवून. सांधा वर मिळाला, खाली मिळाला, पाठीकडे मात्र किंचित आधी टेकत होता. बेव्हल दोन दशांशांनी वाढवला. दुसऱ्या जोडीत रेघ नाहीशी झाली. सूत्राने दारापर्यंत आणून सोडलं, उरलेलं पाऊल नमुन्यांनी टाकलं.

खरी पट्टी आधी दोन मिलिमीटर लांब कापली आणि मग त्याच कोनात तासत मापावर आणली. पातं पूर्ण वेगात आल्यावरच खाली घ्यायचं, आणि काप झाल्यावर ते थांबेपर्यंत वर उचलायचं नाही. फिरतं पातं वर येताना टोकाची नाजूक धार उडवतं. ही शिस्त मोडायची हुक्की मित्राला एकदाच आली. त्याची खूण पेटीवरच्या दोन फुटी तुकड्याच्या वरच्या कडेला आहे. पुट्टीखाली.

बसवताना

लांबी मोजताना प्रत्येक भिंतीला एक टोक सरळ, एक कोरलेलं असा क्रम लावला. पेटीच्या दोन तुकड्यांचं एक टोक बाहेरच्या सांध्याचं. आधी पेटीचा सांधा बसवला, गोंद आणि बारीक खिळ्यांनी टोकाशी बांधला, आणि उरलेल्या भिंती त्याच्यापासून दूर जात लावत गेलो. कुठे अर्धा मिलिमीटर मागे-पुढे झालाच तर तो कोरलेल्या कोपऱ्यांत जिरतो. खिळे भिंतीतल्या १६ इंचांवरच्या उभ्या लाकडांत मारले. कोपऱ्याजवळचे शेवटचे दोन फूट प्रत्येक वेळी मोकळे ठेवले, शेजारची पट्टी बसल्यावर ठोकले. एका ठिकाणी छत मधे खाली आलेलं होतं. तिथे पट्टी छताच्या मागे धावली नाही, सरळच ठेवली आणि वरची रेघ कॉकने, म्हणजे फटी भरायच्या मऊ लेपाने, भरली. छताच्या पोटामागे पट्टी वाकवली की तिचा कल बदलतो, आणि कल बदलला की पुन्हा कोपऱ्यात बोट जातं.

दोन नव्या पट्ट्या आणाव्या लागल्या. दोन फुटांचे तुकडे वाया गेलेल्या लाकडातूनच निघाले. सगळं मिळून दोन शनिवार-रविवार गेले, त्यातला पहिला शनिवार जवळजवळ पूर्ण मोजण्यात आणि कागदावर.

काका मार्चमध्ये सांगलीला परतले. त्याआधी फेब्रुवारीत हीटर दिवसरात्र चालू असताना त्यांनी मला मुद्दाम बोलावून पेटीचा कोपरा दाखवला. रंगात केसाएवढी रेघ आली होती. कोरलेले पाचही कोपरे जसेच्या तसे होते. त्यांनी खुर्चीवर चढून रेघेवर नख फिरवलं, काही बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर समाधान लपलं नाही. जूनमध्ये हवा दमट झाली आणि ती रेघ मिटली. मित्राने फोटो काढून त्यांना पाठवला आहे.